चिचिबूचं गाणं, इकेबुकुरोची खोली

तोक्योतल्या इकेबुकुरोहून सुटलेली सेइबु रेल्वेची 'लाव्ह्यू' गाडी साधारण ऐंशी मिनिटांत चिचिबूला पोचते. तिच्या खिडक्या आसनाच्याही खाली उतरलेल्या, खुर्च्या पिवळ्याधमक. तोक्योची दाटी मागे पडते, डोंगर जवळ येतात आणि शेवटी बुको डोंगर समोर उभा राहतो. उंची १३०४ मीटर. चुनखडीसाठी तो इतकी वर्षं खणला गेला आहे की त्याच्या एका अंगावर चक्क पायऱ्या पडल्या आहेत.

मार्चचा मधला आठवडा होता. जपानी शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे मार्च म्हणजे निरोपाचा महिना. स्थानकांवर छातीला फूल लावलेली, हातात प्रमाणपत्राची नळी धरलेली मुलं दिसत होती. माझ्याबरोबर तिघी होत्या, तिघी एकेकाळी एकाच कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या. थोरल्या पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांना आम्ही सगळ्या 'सेम्पाइ' म्हणतो, म्हणजे आपल्या आधी आलेली, मानाची व्यक्ती. मधली चाळिशीकडे झुकलेली. धाकटी पंचविशीतली. रात्री इकेबुकुरोला काराओके ठरलं होतं आणि मला शाळेच्या निरोपाची गाणी शिकायची होती. सेम्पाइंनी अट घातली, आधी एका गाण्याचं गाव बघायचं, मग गायचं.

ते गाणं 'ताबिदाची नो ही नी', प्रस्थानाच्या दिवशी. १९९१ साली चिचिबूच्या कागेमोरी माध्यमिक शाळेत ते जन्मलं. मुख्याध्यापक कोजिमा नोबोरु यांना शाळा गाण्याने भरलेली हवी होती. त्यांना साथ देणाऱ्या संगीतशिक्षिका साकामोतो हिरोमी यांना निघणाऱ्या मुलांसाठी काहीतरी कायमचं मागे ठेवायचं होतं. त्यांनी मुख्याध्यापकांना शब्द मागितले. आपल्याला जमणार नाही, असं आधी कोजिमा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकेच्या टेबलावर कविता ठेवलेली होती. तिला चाल लागायला फार वेळ लागला नाही. मुलांना निरोप देण्याच्या कार्यक्रमात शिक्षकांनी मिळून ते गाणं गायलं. त्याच वर्षी कोजिमा निवृत्त झाले. ते गाणं त्या एका दिवसापुरतंच होतं, पण शिक्षकांच्या हातून ते दुसऱ्या शाळांत गेलं आणि काही वर्षांत देशभर पोचलं. कोणत्याही कंपनीने ते बाजारात आणलं नव्हतं. मला या गाण्याची सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

अराकावा नदीपलीकडच्या टेकडीवर म्यूझ पार्क आहे. तिथल्या एका उंचवट्याला 'प्रस्थानाची टेकडी' असं नाव दिलं आहे. पायवाटेने चालू लागलं की आपल्या हालचालीची चाहूल घेऊन तेच गाणं वाजू लागतं, मुलामुलींच्या आवाजात. खाली चिचिबू गाव पसरलेलं. धाकटी पहिल्या ओळीलाच थांबली. मधलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. सेम्पाइ मात्र शांतपणे ऐकत होत्या, कारण त्यांच्या शाळेच्या दिवसांत हे गाणं जन्मालाच आलं नव्हतं.

उतरताना आम्ही चिचिबूचा प्रसिद्ध मिसो पोतेतो खाल्ला. काडीला लावून तळलेला बटाटा, वर गोडसर मिसोचा रस्सा. बटाट्याच्या भज्यांवर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

परतीच्या गाडीत सेम्पाइंनी त्यांच्या काळाची दोन गाणी समजावली. पहिलं 'होतारु नो हिकारी', काजव्यांचा उजेड. चाल स्कॉटलंडच्या 'ऑल्ड लँग साइन'ची, जपानी शब्द इनागाकी चिकाई यांचे, १८८१ सालच्या शालेय गीतसंग्रहातले. शब्दांमागे चिनी गोष्ट आहे, तेलाला पैसे नाहीत म्हणून एक मुलगा काजव्यांच्या आणि दुसरा बर्फाच्या उजेडात वाचतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ती लगेच कळते. आज हीच चाल तीन मात्रांच्या ठेक्यात जपानी दुकानं बंद होताना वाजते. ती चाल कानावर पडली की गिऱ्हाइकं आपसूक दाराकडे वळतात.

दुसरं 'आओगेबा तोतोशी', म्हणजे वर पाहावं तर गुरूंचं ऋण थोर. १८८४ साली छापलेल्या या गाण्याची चाल कुणाची, हे शंभराहून अधिक वर्षं कोडंच होतं. २०११ साली हितोत्सुबाशी विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक साकुराई मासातो यांना ती १८७१च्या एका अमेरिकन गीतपुस्तकात सापडली. तिथेही ते शाळा संपतानाचंच गाणं होतं. किनोशिता केइसुके यांच्या १९५४च्या 'चोवीस डोळे' या चित्रपटाने ते अनेकांच्या मनात पक्कं केलं. आता शाळा ते कमी गातात. भाषा जुनी, आणि सगळा भर गुरूंच्या उपकारांवर. निरोपाच्या दिवशी मुलांना गुरूंपेक्षा शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीविषयी बोलायचं असतं.

आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभात भाषणं होतात, कुणीतरी रडतं, खाऊ वाटला जातो. पण ज्याची पहिली ओळ निघाली की अख्खा महाराष्ट्र एका सुरात सामील होईल, असं निरोपाचं गाणं आपल्याकडे नाही. जपानमध्ये ती गाणी वर्ग आठवडे न् आठवडे बसवतो. व्यायामशाळेत खुर्च्या मांडतात, पालक सपाता घालून बसतात, एकेकाचं नाव पुकारलं जातं आणि मग सगळा वर्ग उभा राहून गातो. म्हणून ती गाणी पाठ होत नाहीत, अंगात मुरतात.

संध्याकाळी इकेबुकुरो. काउंटरवर माणसं किती आणि वेळ किती ते सांगायचं, खोलीचा क्रमांक घ्यायचा, पेयं आपली आपण आणायची. खोली लहानशी, दोन माइक, टेबलावर 'देनमोकु' नावाची पाटीएवढी पडदावाली यादी. मूळ काराओके, म्हणजे 'रिकामा वाद्यवृंद', बारमध्ये परक्यांसमोर गायचा प्रकार होता. बंद खोली आली १९८०च्या दशकात, ओकायामा प्रांतात, जुन्या मालवाहू डब्यातून तयार केलेली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, तेच हे ओकायामा. त्या बंद खोलीमुळे शाळकरी मुलांना काराओकेचं दार उघडलं. निरोप समारंभ झाला की गणवेशातच मुलं तिथे येतात.

सेम्पाइंनी सुरुवात केली १९८५ने. त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांतच 'सोत्सुग्यो', म्हणजे शाळेचा निरोप, याच नावाची एकाहून अधिक गाणी आली. ओझाकी युताकाचं गाणं सहा मिनिटांहून लांब, शाळेच्या काचा फोडणाऱ्या मुलाच्या रागाचं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि सव्विसाव्या वर्षी गेला. सायतो युकीचं त्याच्या अगदी उलट, संयत. सेम्पाइंनी दोन्ही गायली. कोणत्याही शाळेने ओझाकीचं गाणं समारंभात घेतलं नसतं, पण काराओकेच्या खोलीत मनासारखं ओरडायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांच्या पिढीला ती जागा नंतर मिळाली, आणि म्हणूनच त्या इतक्या मनापासून गात असाव्यात.

मग त्यांनी 'ओकुरु कोतोबा' लावलं. ताकेदा तेत्सुया यांच्या काइएन्ताइ या गटाचं हे १९७९चं गाणं एका शिक्षकाच्या दूरदर्शन मालिकेचं शीर्षकगीत होतं आणि त्या शिक्षकाची भूमिकाही ताकेदांचीच. सगळा देश ते विद्यार्थ्यांना दिलेला निरोप म्हणून गातो. ताकेदांनी मात्र ते लिहिलं होतं स्वतःच्या फसलेल्या प्रेमावर.

मधलीचं गाणं 'सान्गात्सु कोकोनोका', नऊ मार्च. रेमिओरोमेन या तिघांच्या बँडने ते एका मित्राच्या लग्नासाठी केलं होतं. २००४ साली ध्वनिमुद्रिका आली, पुढच्या वर्षी 'एक लिटर अश्रू' या मालिकेत वर्गाने ते म्हटलं आणि लग्नाचं गाणं शाळेचं झालं. २००८ साली अँजेला अकी यांनी एनएचके या प्रसारण संस्थेच्या शालेय समूहगान स्पर्धेसाठी 'तेगामी' लिहिलं, पंधरा वर्षांच्या स्वतःला पाठवलेलं पत्र. त्याच वर्षी इंटरनेटवर 'साकुरा नो आमे' आलं, हात्सुने मिकु या संगणकी आवाजात. धाकटी तेच गाणं गाऊन थेट २०१८ वर आली, रॅडविम्प्स या बँडच्या 'सेइकाइ'वर. एनएचकेच्या कार्यक्रमात अठरा वर्षांच्या हजार मुलांबरोबर गाण्यासाठी ते रचलं होतं.

त्या रात्री एक गोष्ट स्पष्ट दिसली. यातली बरीच गाणी निरोपासाठी लिहिलीच गेली नव्हती. मुलांनी ती उचलली, वर्गात बसवली, आणि ती त्यांची झाली. गाण्याच्या मालकीची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

खोलीतला फोन वाजला. दहा मिनिटं उरली. धाकटीने 'ताबिदाची नो ही नी' लावलं. सुरुवात सगळ्यांनी एकत्र करायची असते, पुढे आवाज वेगळे होतात, एक गट ओळ म्हणतो आणि दुसरा मागून येतो. दोन माइकांवर चौघी. सेम्पाइंनी सकाळी टेकडीवर ऐकलेलं होतं तेवढ्यावर खालचा आवाज धरला. माझा सूर दुसऱ्या कडव्यात सुटला तेव्हा मधलीने माइक माझ्याकडे सरकवून माझी ओळ स्वतः म्हटली. पडद्यावर गुण आले, फार कमी. यंत्राला एकच चाल ओळखता येते.

मार्चमध्ये जपानात असाल आणि कुणी काराओकेला बोलावलं, तर नाही म्हणू नका. थोरल्या माणसांना आधी गाऊ द्या. 'ताबिदाची नो ही नी' शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवा, निदान तिघांनी मिळून गा, आणि ते लावायच्या आधी गुण मोजणं बंद करा.