विकणाऱ्याने किती जाणावे?

पुण्याच्या कैलाश काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. कॅलक्युलेटर दुरुस्त करण्याची विद्या त्यांनी एका दुकानात उमेदवारी करून आत्मसात केली व पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणारी कित्येक यंत्रे व्हायरसने ग्रासलेली असत. धाकटे बंधू संजय संगणकाचे शिक्षण घेत होते. त्यांनी व्हायरसवर उतारा म्हणून सॉफ्टवेअर लिहिले आणि थोरल्याने ते विकले. तेच 'क्विक हील'. 2016 साली त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. कैलाश यांनी ते सॉफ्टवेअर स्वतः लिहिले नव्हते, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. परंतु औषध विकणाऱ्याने रोगी तपासलेला होता.

हे आठवण्यास निमित्त झाला आमच्या खारीगावातील एक वाणिज्य पदवीधर. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून, स्टीलची भांडी करणाऱ्या छोट्या कारखानदारांना हिशेबाचे सॉफ्टवेअर विकण्याची नोकरी त्यास मिळाली. "फादर, मला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही," तो म्हणाला. त्याच्या वरिष्ठांचा सल्ला असा, की तांत्रिक बाजू मागची माणसे पाहतील; तू 'होय' म्हणत जा.

हा सल्ला आम्हांस मुळीच रुचला नाही. भांडे गिऱ्हाईक वाजवून घेते. सॉफ्टवेअर कसे वाजवणार? तेथे विक्रेत्याच्या शब्दावरच व्यवहार होतो. कारखानदाराचे प्रश्न साधे असतात. मध्येच वीज गेली तर अर्धी नोंद टिकेल काय? जुना हिशेब नव्यात येईल काय? पॉलिशला बाहेर धाडलेल्या मालाचे चलन निघेल काय? 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाल्यापासून असे चलन द्यावेच लागते, आणि तो माल साधारणपणे 1 वर्षात परत आल्याची नोंद दाखवावी लागते. यांपैकी काहीच ठाऊक नसताना दिलेला होकार हा अज्ञानाचा नव्हे, असत्याचाच प्रकार होय. कमिशन मात्र त्याच होकारावर मिळते!

प्रोग्रॅम लिहिता आला नाही तरी चालेल; आपला माल कोठे थांबतो, एवढे विक्रेत्यास कळलेच पाहिजे, असे आम्ही त्यास सांगितले. तेव्हापासून तो शनिवारी दुरुस्ती विभागातील मुलांजवळ बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकतो. गेल्या महिन्यात एका कारखानदारास त्याने स्पष्ट सांगितले, "तुम्हांला हवे तसे चलन यात निघत नाही." ती ऑर्डर गेली. वरिष्ठ अद्याप नाराज आहेत.