संशय आणि मत

आणीबाणीत आमच्या घरी बातम्या ऐकायची एक रीत होती. सकाळी सात पाचला आकाशवाणी पुणे, मोठ्या आवाजात. रात्री बीबीसी हिंदी, इतकं हळू की अण्णा रेडिओला कान लावून बसत. खरखर वाढली की काटा केसभर सरकवायचा, पुन्हा आवाज धरायचा. पेपरवर सेन्सॉर बसलेला. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, ते अण्णांना सविस्तर कळलं कराडहून परतलेल्या मित्राकडून. सत्तेवरचा माणूस काही सांगू लागला की 'दुसरीकडे काय म्हणतात?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी त्या प्रश्नावरच वाढले.

माझी लेक पेपर हातात धरत नाही. टीव्हीवरची आरडाओरड तिला सोसत नाही. बातमी तिच्यापर्यंत येते ती रील होऊन. अण्णांना हे अजिबात पटत नाही. पण मध्यंतरी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आला, की पेन्शन कापणार. जुन्या सहकाऱ्याने पाठवलेला, म्हणून अण्णांनी तो खरा मानला आणि रात्रभर तळमळले. सकाळी लेकीने शासनाच्या संकेतस्थळावरून मूळ जीआर काढला. शेवटच्या पानावरचा संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरीची ओळ त्यांना दाखवली, मग शेजारी बसून सगळा जीआर मोठ्याने वाचला. निवृत्तांचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला. बीबीसीसाठी काटा सरकवणाऱ्या अण्णांचीच ही नात.

आणि हीच मुलगी मतदानाच्या दिवशी घरी बसली. "सगळे सारखेच गं, आई." तिच्या वयाच्या कितीतरी मुलांकडून मी हे ऐकते, आणि दर वेळी जीव तुटतो. अण्णांचाही कुणावर विश्वास नव्हता. पण तोच अविश्वास त्यांना मार्च १९७७ मध्ये मतदान केंद्राच्या रांगेत घेऊन गेला. त्या निवडणुकीत खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. 'सगळे सारखेच' म्हणून लोक घरी बसले असते तर ते घडलं नसतं. खुर्चीवर कोणताही पक्ष असो, त्याला हे वाक्य फार सोयीचं पडतं. मूळ कागद शोधून वाचणाऱ्या मुलांनी तरी ते तोंडी घेऊ नये.

घरात कुणाला अठरा पूर्ण झाली असतील आणि यादीत नाव नसेल, तर नमुना ६ भरून घ्या. तो फोनवरूनही भरता येतो.