आडवो पव!

दिवाळीच्या सुट्टीत गाड्या भरभरून लोक कोकणात येतील. या, जरूर या. आमच्या गावातली निम्मी घरं आता तुमच्यावरच चालतात. पण पाण्यात उतरायच्या आधी पाच मिनिटं काढून हे वाचा, एवढीच विनंती.

माझं गाव मालवण तालुक्यातलं. आम्ही गाबीत, घरात तीन पिढ्या दर्यावर. वडील ट्रॉलरवर तांडेल होते. तरीही पंधराव्या वर्षी मी बुडता बुडता वाचलोय. तेही मोठ्या लाटेत नाही, शांत पाण्यात.

मे महिना होता. मुंबईहून मित्र आलेला आणि मला त्याच्यासमोर पोहून दाखवायची हौस. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मध्ये एक सपाट, जरा गढूळ पट्टा होता. तिथे लाट नाही म्हणून आम्ही नेमके तिथेच शिरलो. दोन मिनिटांत पायाखालची वाळू गेली. मी किनाऱ्याकडे जीव खाऊन हात मारतोय आणि समोरचे माड लहान लहान होत चाललेत. मित्राने माझा खांदा घट्ट धरलेला. किनाऱ्यावर रापण ओढणारे काका ओरडत होते, "सरळ येव नको! आडवो पव, आडवो!" मला ते ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. शेवटी दोघांनी होडी घातली आणि आम्हाला वर घेतलं.

त्या रात्री वडिलांनी मारलं नाही. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ह्या तुका माहीत नाय, ह्या माकाच माहीत नव्हता." दर्याचा पोर म्हणजे त्याला कळतच असणार, असं ते धरून चालले होते. मी त्यांना 'दर्याक पाठ दाखवू नको' म्हणताना शंभरदा ऐकलेलं. पण त्या शांत पट्ट्याबद्दल कुणी कधी बोललंच नव्हतं.

तो पट्टा म्हणजे काय, ते आता सांगतो. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दांड्यात जिथे खिंड असेल तिथून एकवटून बाहेर पडतं. तिथे खोली जास्त असते म्हणून लाट फुटत नाही आणि नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. ही ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकते, तिच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. पण ती तुम्हाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. माणूस मरतो तो तिच्याशी झुंजून, दमून. म्हणून तरंगत राहा, हात वर करून हाक मारा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडा. काकांचं 'आडवो पव' ते हेच.

दुसरं, सुकतीच्या पाण्यात, म्हणजे ओहोटी लागल्यावर उतरू नका. खाडीच्या तोंडाशी तर नाहीच नाही. जुनी माणसं घड्याळाशिवाय हिशेब करतात. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तास पाणी उतरणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा ओढ आणखी वाढते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावचे ८ जण. सगळी सहलीला आलेली. दर वेळी आपण म्हणतो, पोरांनी ऐकलं नाही. पण त्यांना नक्की काय सांगितलं जातं? 'पोहणे धोकादायक आहे' असा एक गंजका फलक. कुठे धोकादायक, कधी, का, यातलं काहीच त्यावर नसतं.

आणि ज्यांना सगळं कळतं, तेही सुरक्षित नाहीत. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणातल्या होड्या दर्यात होत्या, कितीतरी खलाशी परत आले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा आधीच आलेला होता, तरी बॉम्बे हायजवळचा पी-३०५ हा तराफा २६१ माणसं घेऊन समुद्रातच राहिला. तो बुडाला, सत्तरहून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक पोटासाठी तिथे होते. निघायचं की थांबायचं, हे त्यांच्या हातात नव्हतं.

वडिलांच्या ट्रॉलरवर लाइफ जॅकेटं होती. केबिनमध्ये, दोरीने बांधून. उकाड्यात ती अंगावर ठेवून जाळं ओढता येत नाही, म्हणून कुणी घालायचं नाही. रात्री एखादा खलाशी पाण्यात पडला तर इंजिनाच्या आवाजात त्याची हाकही ऐकू येत नाही. घालून काम करता येईल असं हलकं जॅकेट खलाशाला मिळायला हवं, ही काही चैन नव्हे.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. आमच्याकडे गावातली दोन पोरं, एक शिट्टी आणि एक दोरी. त्यांचा पगार महिनोन् महिने येत नाही. कुणी बुडालं की मग रापणकरी धावतात, स्वतःचा जीव धोक्यात घालून. पर्यटनाच्या जाहिरातीला पैसे आहेत, तर या पोरांच्या पगाराला का नाहीत? हा प्रश्न ग्रामसभेत विचारा, आमदारांनाही विचारा.

तोवर एवढं करा. उतरायच्या आधी किनाऱ्यावर जो कोणी जाळं विणत बसला असेल त्याला विचारा, "काका, आज पाणी कसं आहे? कुठे उतरू नये?" तो नक्की सांगेल. आपणहून मात्र सांगणार नाही, कारण त्याला वाटतं हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या वडिलांनाही तसंच वाटलं होतं.

तटरक्षक दलाचा नंबर १५५४. फोनमध्ये ठेवा. आणि कोकणात निघालेल्या मित्रांना हे वाचायला द्या.