आधी पाय, मग चाक

आमच्या घरासमोर एक जुनी हिरवी जीप उभी असते. छत्रपती संभाजीनगरातील आमच्या वसाहतीत आता दारोदारी चकचकीत मोटारी आल्या आहेत. त्यांच्या रांगेत ही आमची जीप म्हणजे लग्नात घोंगडी पांघरून आलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते. शेजारीपाजारी विचारतात, "हा लोखंडाचा सांगाडा अजून कशाला पाळलाय?" त्यांना दर वेळी हसून उत्तर देतो. आज मात्र वाचकांपुढे सविस्तर उत्तर मांडावे म्हणतो.

माझे वडील सरकारी खात्यात वाहनचालक होते. हीच जीप त्यांनी चौदा वर्षे चालवली. साहेब डावीकडे, आबा उजवीकडे. त्या जीपमध्ये आमच्या घरातले कोणी कधी बसले नाही, कारण गाडी सरकारची होती. आबा २००१ साली निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी जीप लिलावात निघाली. आईने पाटल्या मोडल्या, मी पतपेढीचे कर्ज काढले आणि जीप घरी आणली. त्या दिवशी आईला पुढच्या सीटवर बसवून आबांनी गावातून एक फेरी मारली. आई आज नाही. पण ती सीट आम्ही अजून बदललेली नाही.

ही जीप 'फोर व्हील'ची आहे. पुष्कळांना वाटते की जीप म्हटली की ती फोर व्हीलच असणार. तसे नाही. मराठवाड्यात वडापची माणसे दाटीवाटीने भरून धावणाऱ्या बहुतेक जीपगाड्यांची मागचीच चाके ओढायची. फोर व्हीलच्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असतात. एकाने इंजिनची ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. दुसऱ्याने लो गिअर लागतो. त्यात वेग घटतो आणि चाकांची ओढ सुमारे अडीच पट होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा जीपगाड्या लाखोंनी बनवल्या. १९४५ साली लुधियानात स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने पुढे मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि आपल्याकडे जीप हा शब्द घरोघरी पोहोचला. आमच्याच शहराजवळ शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा कारखाना आला. तिथे जोडलेल्या यती मोटारीतही चारही चाकांना ताकद देण्याची सोय होती. फरक इतकाच की तिच्यात कधी कोणत्या चाकाला ओढ द्यायची हे यंत्र आपोआप ठरवायचे. आमच्या जीपमध्ये ते माणसाने ठरवायचे. सारी गंमत आणि सारी जोखीम त्यातच आहे.

आमच्याकडे महिन्यातला एक रविवार जीपचा. आबा खुर्ची टाकून बसतात आणि मी व लेक गाडीखाली शिरतो. जॉइंट शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, पाट्यांच्या पिनांना ग्रीस, पुढच्या व मागच्या हौसिंगमधले नव्वद नंबरचे ऑइल बोट घालून पाहायचे. ऑइल दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी शिरले म्हणून समजावे आणि ते लगेच बदलावे. पुढचा शाफ्ट महिनोन्महिने वापरला नाही तर सांधे सुकतात, म्हणून अधूनमधून मातीच्या वाटेवर फोर व्हील लावून थोडे अंतर चालवावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र लावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. डांबरावर त्यांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्ट व गिअरवर येतो. हे ज्ञान पुस्तकात नंतर वाचले, आधी आबांच्या ओरडण्यातून शिकलो.

खर्चाचेही सांगतो. लिटरला दहा किलोमीटर डिझेल, कधी तेही नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. हौसेला मोल नसते हे खरे, पण महिनाअखेरीस हौसेचा हिशेब सौ. मागतेच.

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघे पितळखोऱ्याला निघालो. आबा पुढे, सौ. आणि लेक मागे. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ मागे टाकून कन्नड गाठले. पाऊस नुकताच उघडला होता. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका, मध्ये ओले डोंगर. आबा म्हणाले, "आधी घाट दाखव." म्हणून सरळ औट्रम घाटाच्या माथ्यावर गेलो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. जागोजागी डोंगराची ती जखम अजून ओळखू येते. समोर खाली खानदेशाचे मैदान पसरलेले दिसते आणि त्यात पायथ्यापलीकडे चाळीसगाव.

चाळीसगावचे नाव निघाले की आबा गप्प होतात. १९२९ साली बाबासाहेब त्या स्टेशनवर उतरले होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. बाबासाहेबांना वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला की टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने जन्मात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी चाक दगडाला धडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्या अडाणी हाकणाऱ्याला मी कधी दोष देऊ शकलो नाही. त्याने मानाखातर लगाम धरला. पण लगाम शिकायला त्याला आयुष्यात कोणी दिलाच नव्हता. आबा घाटाकडे पाहत लेकीला म्हणाले, "माझ्या हातात लायसन आलं त्या दिवशी मला त्याच माणसाची आठवण झाली होती. म्हणून म्हणतो पोरी, नुसतं बसायला शिकू नको. हाकायला शीक." लेक तेव्हा नुकतीच शिकत होती. मी तिला डांबरी सडकेपलीकडे जीप देत नव्हतो, हेही कबूल करतो.

तिथून मागे वळून पितळखोऱ्याला गेलो. हा सगळा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा आहे. फोर व्हील आहे म्हणून जंगलात वाट सोडून गाडी घालणे हा गुन्हाही आहे आणि अविचारही. आम्ही वरच गाडी लावली. पुढे पायऱ्या उतराव्या लागतात. आबा गुडघ्यांमुळे वर थांबले. आम्ही खाली उतरलो, तर ओढा भरून वाहत होता आणि पाण्याच्या आवाजापुढे बोलणे ऐकू येत नव्हते. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. दगड झिजला आहे, दर्शनी भाग बराच ढासळला आहे. पण खांबांवरच्या लेखात दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सुगंधी द्रव्याचा व्यापार करणाऱ्या कुळातला मितदेव आहे. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचे तिच्या हातावर कोरलेले आहे. पैठणचा माणूस या दरीपर्यंत कसा आला असेल? ना डांबर, ना डिझेल. वर आल्यावर लेकीने आबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पायी आला असंल. किंवा बैलं हाकत. वाट पाहून पाहून."

खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होती. कन्नडजवळच्या शिवारात माझ्या साडूंची वस्ती आहे. सडकेपासून तीन किलोमीटरची पाणंद. दुपारी पुन्हा सर येऊन गेली होती. मला वाटले, आपली गाडी फोर व्हील आहे, मग भीती कसली? कुणाला न विचारता गाडी पाणंदीत घातली. मराठवाड्याची काळी माती उन्हात भेगाळते आणि पाण्यात फुगते. भिजली की लोण्यासारखी होते. टायरच्या नक्षीत ती अशी भरते की टायर गुळगुळीत होऊन बसतो. अर्ध्या वाटेवर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. मी घाईने दांडा ओढून फोर व्हील लावले आणि ॲक्सिलरेटर दाबला. चिखल उडाला, गाडी आणखी खाली बसली. पुढचे एक आणि मागचे एक चाक गरगर फिरत होते, उरलेली दोन ढिम्म. चार चाकांना ताकद मिळते याचा अर्थ चारही चाके ओढतील असा नाही. जे चाक हलके पडते तिकडेच ताकद निसटते.

"चाकं फिरतेत, गाडी नाही," आबा शांतपणे म्हणाले. "बंद कर. फोर व्हील रुतल्यावर लावायचं नसतं, रुतायच्या आधी लावायचं असतं. अन् पायी उतरून पाहिलं होतं का?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात लेक चपला हातात घेऊन खाली उतरलीही होती. ती पुढे चालत गेली, पाय कुठे किती रुततो ते पाहून आली आणि म्हणाली, "पप्पा, पुढे आणखी खोल आहे. आपण आलो त्याच चाकोरीने मागे जाऊ. ती माती दबलेली आहे." वस्तीवरून साडूंनी फावडे आणि पऱ्हाट्यांचा भारा आणला. कोणी ट्रॅक्टर बोलवा म्हणाले, दोर आला. आबांनी तो बाजूला ठेवायला लावला. ताणलेला दोर तुटला तर माणसाला जायबंदी करतो, तो शेवटचा उपाय. आम्ही चाकांमागची माती काढली, पऱ्हाट्या दाबून अंथरल्या, चारही टायरांची हवा बरीच कमी केली, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो.

मग आबा म्हणाले, "किल्ली तिला दे."

मला क्षणभर राग आला. चाळीसगावचे बोलणे सकाळचेच होते, म्हणून किल्ली दिली. लेकीने लो गिअर लावला, स्टिअरिंग सरळ धरले, रिव्हर्स टाकला आणि क्लच सावकाश सोडला. इंजिन गुरगुरले, पऱ्हाट्या कडकडल्या आणि जीप वीतवीत करत मागे सरकू लागली. तिने ना वेग वाढवला, ना मध्ये थांबवली. सडकेला लागल्यावरच इंजिन बंद केले. सौ. मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, तिने आता डोळे उघडले. साडूंच्या घरी आम्ही पायीच गेलो. भाकरी आणि ठेचा त्या दिवशी फार गोड लागला.

कन्नडला टायरांत पुन्हा हवा भरली आणि घरापर्यंत जीप लेकीनेच आणली. दुसऱ्या दिवशी तिनेच खालचा चिखल धुतला, नाही तर तो वाळून दगड होतो. ब्रेक पाहिले, ग्रीस भरले. आता महिन्याचा तो रविवार तिचा आहे. मी बाजूला उभा राहून पाने देतो.

तर शेजाऱ्यांना माझे उत्तर असे. ही जीप मी वेगासाठी ठेवली नाही, ऐटीसाठीही नाही. एका पिढीने ती दुसऱ्यासाठी हाकली, दुसरीने विकत घेतली, तिसरीने चिखलातून बाहेर काढली. आपल्या घरी जीप असो वा स्कूटर, किल्ली खुंटीला टांगून ठेवू नका. मुलाइतकीच ती मुलीच्या हाती द्या. आणि देताना सांगा, अनोळखी वाटेवर आधी पाय, मग चाक.