शेवंतीच्या काश्या

शेवंतीचा बहर जानेवारीत ओसरला, की फुले वाळतात, खालची पाने काळपटतात आणि झाड मेल्यासारखे दिसू लागते. अनेक घरांत ते याच वेळी उपटून टाकतात, आणि हे पाहून हळहळ वाटते. डेझी आणि झेंडूच्या कुळातली ही वनस्पती बहुवर्षायू आहे. वरचा पसारा वाळत असतानाच बुडाशी, मातीतून नवे फुटवे वर येत असतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात.

आधी छाटणी करायची. जुन्या फांद्या जमिनीपासून चार बोटे ठेवून धारदार कात्रीने कापल्या, की बुंध्याशी ऊन-वारा पोचतो आणि काश्या जोर धरतात. ठिपके पडलेला पाला खतात टाकू नये.

मग विभाजन. गड्डा न उपटता खुरप्याने सभोवार माती सैल करून तो उचलावा. माती झाडली, की मधला भाग लाकडासारखा कठीण, मुळांनी गच्च झालेला आणि जवळजवळ निर्जीव आढळतो. ताज्या पांढऱ्या मुळ्यांच्या काश्या असतात त्या कडेला. मधला भाग मोठा दिसतो म्हणून तोच पुन्हा लावण्याचा मोह होतो. पण अनुभव असा, की तो फुटतो उशिरा आणि फुलतो विरळ. चार-पाच पानांच्या, स्वतःची मुळे असलेल्या काश्या तेवढ्या वेगळ्या करून घ्याव्यात. मूळ नसलेलीही ओल्या वाळूत, सावलीत जगते.

उन्हाळाभर ही रोपे अर्ध्या सावलीत सांभाळावी लागतात. पाणी साचले तर मुळे कुजतात, म्हणून भारी काळ्या जमिनीत जूनच्या सुमारास सरीच्या वरंब्यावर, सुमारे 30 सेंटिमीटर अंतराने लागवड करावी. महिनाभराने शेंडा खुडला, की बगलेतून फांद्या फुटतात. सप्टेंबरनंतर मात्र खुडू नये. दिवस लहान होऊ लागले, की शेवंती कळी धरते. तेव्हा खुडलेला शेंडा म्हणजे गेलेले फूल. याच कारणाने रात्रभर दिवा जळणाऱ्या गॅलरीतली कुंडी पानांनी भरते, पण वेळेवर फुलत नाही. ती अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी. ढगाळ हवेत कळ्यांवर मावा पडतो. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा, पानांच्या खालच्या बाजूनेही.