पडद्यावरच्या मुंग्या

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवू लागलो की दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी एक प्रश्न विचारतोच : "सर, शुद्ध संहिता एकदा सिद्ध झाली, की मग उरलेल्या पोथ्या ठेवायच्या कशाला?" या प्रश्नाचे माझे एक तयार उत्तर होते. शुद्ध पाठ वर, पाठभेद खाली. आणि खालचे टिपण अभ्यासकांसाठी, वाचकांनी त्यात अडकू नये. हे उत्तर मी पंधरा-वीस वर्षे तरी बिनदिक्कत देत आलो. गेल्या वर्षी एका जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्राने या उत्तराची परीक्षा घेतली. साहित्याच्या चर्चेत हा विषय उपरा वाटेल याची मला जाणीव आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आमचे घर सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. १९९३ च्या दिवाळीत दादाने साठवलेल्या पैशांत आईने गुपचूप भर घातली आणि ते यंत्र घरात आले. वास्तविक ती नक्कल होती. निन्टेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र जपानमध्ये बाजारात आणले. त्याचेच लोकांच्या तोंडचे नाव फॅमिकॉम. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या त्याच्या तैवानी-चिनी नकला, 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी. खेळाच्या डबीला आम्ही 'कॅसेट' म्हणत असू, आणि ती चालली नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारत असू. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. रेडिओ दुरुस्तीचा त्यांना नाद होता, पण या यंत्राविषयी त्यांचे मत एका शब्दाचे होते : "थेर!"

बाबा २०११ साली गेले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. आमच्या घरात माळ्याच्या खालचे सगळे बुडाले. बाबांच्या टाचणवह्या, रेडिओची नकाशे काढलेली वही, पत्रे, सगळ्याचा लगदा झाला. टीव्हीही गेला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले वाचले, आणि त्या पेटीत हे यंत्र होते. दादाने ते मला साताऱ्याला आणून दिले. "बघ, चालतंय का," एवढेच म्हणाला.

चालत होते, पण आजच्या सपाट टीव्हीवर ते पाहवेना. अँटेनाच्या भोकात तार घालून चित्र आणले, तर सगळीकडे मुंग्या, अक्षरांच्या कडांना रंगांची गळती, आणि उभ्या फिकट पट्ट्या. मग मी या विषयाचे वाचन सुरू केले आणि अशा यंत्रांचे चित्र सुधारण्याचा उद्योग जगभर किती गंभीरपणे चालतो, ते कळले.

त्यातले तत्त्व समजायला सोपे आहे. यंत्रातली एक चिप २५६ बाय २४० ठिपक्यांचे चित्र सिद्ध करते. हे चित्र चिपमधून बाहेर पडते तेच मुळी उजेड आणि रंग एका तारेत कालवून. आपण ज्याला पिवळ्या पिनचे 'एव्ही' म्हणतो तो हाच संमिश्र संकेत. त्यापुढे एक पत्र्याची डबी असते, मॉड्युलेटर. ती या संकेताला टीव्हीच्या एखाद्या चॅनेलच्या लहरीवर बसवते, आणि टीव्ही त्याला पुन्हा त्या लहरीवरून उतरवतो. म्हणजे एकाने मोडीत उतरवायचे आणि दुसऱ्याने त्याचे बाळबोध करायचे. या दोन लिप्यंतरांत जे बिघडते, त्यातल्याच पुष्कळशा मुंग्या. उपाय असा, की डबीच्या अलीकडेच तार जोडून संमिश्र संकेत काढून घ्यायचा, एका ट्रान्झिस्टरने त्याला पुरेसे बळ द्यायचे आणि पिवळ्या पिनने थेट टीव्हीत सोडायचा. खुद्द निन्टेंडोने १९९३ साली जपानमध्ये याच यंत्राची नवी आवृत्ती काढली, तेव्हा अँटेनाची वाट बंद करून हीच वाट दिली.

याच्याही पुढे जाणारे लोक आहेत. त्यांना लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून हवे असतात. पूर्वी त्यासाठी नाण्यावर चालणाऱ्या खेळयंत्रांतली निराळी चिप उपटून इथे बसवीत. एक पोथी फाडून दुसरी दुरुस्त करण्यासारखेच ते. पुढे टिम वर्दिंग्टन यांनी केलेली पट्टी आली. ती चिपच्या खाली बसते, चिपकडे येणारी माहिती वाचते आणि तिच्यावरून तीन रंगांचे स्वच्छ चित्र रचते. केविन हॉर्टन यांच्या पट्टीने तर हे चित्र थेट एचडीएमआयने नव्या टीव्हीवर येते.

इथेच माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. या यंत्रात लाल-हिरवा-निळा असा रंग कुठेच साठवलेला नाही. चिप फक्त संकेताची विशिष्ट कला आणि पातळी ठरवते. तिचा अर्थ लावतो तो समोरचा टीव्ही. त्यामुळे 'मारिओ'च्या आभाळाचा निळा नेमका कोणता, यावर आजही एकमत नाही. कोणाच्या तक्त्यात तो जांभळ्याकडे झुकतो, कोणाच्या तक्त्यात फिकट होतो. सर्व पोथ्यांच्या आधीची आदिप्रत हाती लागली, आणि ती उघडली तर तिच्यात रंगाच्या जागी केवळ 'इथे रंग वाचावा' अशी खूण निघाली, असा हा प्रकार!

दुसरा धक्का गतीचा. जपानी यंत्र सेकंदाला साठ चित्रे दाखवी. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ रेषांचा आणि पन्नासाचा. तैवानी कारागिरांनी आपल्यासारख्या देशांसाठी चिपच बदलली. तिच्यात जपानी कॅसेटी विनातक्रार चालतात, पण साठाऐवजी पन्नासाच्या गतीने. खेळातले संगीतही या गतीला बांधलेले असते. म्हणजे सांगलीतल्या आमच्या खोलीत १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची जी चाल घुमत होती, ती मुळाच्या पाच-षष्ठांश लयीत होती. ज्याला आम्ही आयुष्यभर मूळ मानले, तो एक प्रादेशिक पाठ होता. आज मूळ गतीतली चाल ऐकली की मला ती उरकल्यासारखी वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत विचारात पाडणारी. सेगा कंपनीच्या दुसऱ्या एका यंत्रावर 'सॉनिक द हेजहॉग' (१९९१) या खेळात धबधबा आहे. चित्रकाराने तो एकाआड एक उभ्या रेघांनी काढला. संमिश्र संकेताच्या गढूळपणात त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसते. तीन स्वच्छ तारांनी चित्र काढले, की धबधब्याचे गज होतात. संकेत शुद्ध झाला आणि पाणी गेले.

सांगलीकडच्या माणसाला हे नवे वाटू नये. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या पेढीवर तंबोऱ्याची जवारी काढताना मी लहानपणी पाहिले आहे. घोडीचा माथा कानसने अगदी किंचित उतरता घासायचा, म्हणजे तार त्याला निसटती घासते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. त्या घासण्यातून जो झणत्कार उठतो, तो पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तारेच्या शुद्ध कंपनात आलेला व्यत्ययच. पण तो काढून टाकला तर तंबोरा उरत नाही. मात्र ढिल्या खुंटीची करकर म्हणजे जवारी नव्हे, हेही त्या कारागिराला पक्के ठाऊक असते. कोणता व्यत्यय काढायचा आणि कोणता राखायचा, हा निर्णय कानाचा आहे. आणि संपादकाचे कामही याहून निराळे नाही.

एवढा विचार करून मी साताऱ्यातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे यंत्र नेले. सत्तरीचे गृहस्थ, हात अजून स्थिर. त्यांनी स्क्रू काढून वरचे झाकण उचलले आणि म्हणाले, "सर, हे कोणीतरी आधी उघडलंय." मॉड्युलेटरच्या डबीला वीज पुरवणारी बारीक तार तुटलेली होती आणि तिच्या जागी दाराच्या घंटीची लाल तार जोडलेली होती. डाख ओबडधोबड, पण पक्का. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख होती : १४-५-९४. आकडे बाबांचे होते. चाराची शेपटी ते नेहमी अशीच खाली ओढत. घरातला कोणताही रेडिओ दुरुस्त केला की आत तारीख घालायची त्यांची सवय होती.

मला तो मे महिना आठवला. यंत्र बंद पडले होते, बाबा "बरं झालं" म्हणाले होते, आणि चार-पाच दिवसांनी ते आपोआप सुरू झाले होते. आपोआप! एवढी वर्षे दादा आणि मी हेच धरून चाललो होतो. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिकाची पुष्पिका असते, तिच्यावरून आपण काळ ठरवतो, हे मी कितीदा शिकवले असेल. एका झाकणाच्या आत ती मला अशी भेटेल, असे वाटले नव्हते.

दुरुस्तीवाले काका त्यांच्या परीने बरोबरच सांगत होते. "हा डबाच काढून टाकू या. चालू राहिला तर चित्रात घाण टाकत राहणार. ही लाल तार तर काढावीच लागेल." मी दादाला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला चित्र चांगलं नको. ती तार ठेव." महापुरानंतर बाबांच्या हातचे म्हणून आमच्याकडे तेवढेच राहिले होते.

संपादकाने मूळ प्रतीवर खाडाखोड करू नये, हा नियम भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तीने आपल्याला घालून दिला आहे. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले. सुकथनकरांनी स्वीकृत पाठ वर ठेवला आणि टाकलेला प्रत्येक पाठ खाली नोंदवला, तो पुढच्याला आपला निर्णय तपासता यावा म्हणून. खालचा मजकूर अडगळीचा नव्हे, हे मी वर्गात सांगत होतो खरे, पण अडगळीच्याच सुरात. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्याआधीचा पाठ शोधायला इतिहासाचार्य राजवाड्यांना १९०९ साली निराळी पोथी पुढे आणावी लागली. शुद्ध करणाऱ्याने काय बदलले, ते त्याच्यापाशी नोंदलेले असते तर किती वाद वाचले असते!

शेवटी काकांनीच मार्ग काढला. बाबांच्या डाखाला हात न लावता, त्याच्या अलीकडे पट्टीवर त्यांनी एक छोटा खटका बसवला. खटका खाली, की डबीची वीज बंद आणि पिवळ्या पिनमधून स्वच्छ चित्र. वर, की डबी चालू आणि जुनी अँटेनाची वाट मोकळी. लाल तार जागच्या जागी. डबी पुरती काढली असती तर चित्र आणखी थोडे निवळले असते. उभ्या पट्ट्या अजून अंधूक दिसतात. ते मी पत्करले. झाकणाच्या आत बाबांच्या तारखेखाली आम्ही नवी तारीख घातली आणि काय बदलले ते एका ओळीत लिहिले.

दिवाळीत यंत्र सांगलीला नेले. भंगारवाल्याकडून दादाने एक जुना, काचेच्या नळीचा टीव्ही आणून ठेवला होता. बंदुकीने बदके मारायचा खेळ नव्या टीव्हीवर चालतच नाही. त्या बंदुकीला नळीच्या पडद्याचीच लकाकी ओळखता येते. आधी मी त्याला स्वच्छ चित्र दाखवले. "छान आहे," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःच खटका वर केला. मुंग्या आल्या. त्यातच आम्ही रात्री उशिरापर्यंत खेळलो.

आभाळाच्या रंगावरून मात्र आमचे जमले नाही. दादाच्या मते ते जांभळट होते. माझ्या आठवणीत निखळ निळे. तो टीव्ही पुरात गेला, आणि त्याचा रंगाचा खटका बाबा संध्याकाळच्या बातम्यांआधी फिरवीत असत, हे आईने सांगितल्यावर तर प्रश्न अधिकच अवघड झाला. या वर्षी वर्गात तो ठरावीक प्रश्न आला, तेव्हा मी हे दोन्ही पाठ फळ्यावर लिहिले आणि मुलांना विचारले : यांतला कोणता वर ठेवाल आणि कोणता खाली? एका मुलीने विचारले, "सर, आईंना कोणता आठवतो?" हे मी आईला विचारलेच नव्हते.