समुद्राकाठची मैदाने आणि भिंतीवरची चित्रे

मुंबईला कामासाठी गेलेला आपला माणूस मंत्रालय, दवाखाना नाही तर कोर्ट गाठतो, वेळ उरलाच तर राणीची बाग आणि चौपाटी पाहतो, आणि रात्रीच्या एस.टी.ने परत येतो. मीही तीस वर्षे तसाच येत-जात होतो. गेल्या फेब्रुवारीत बैठक दुपारीच आटोपली आणि परतीच्या गाडीला पाच तास होते, म्हणून चर्चगेटहून समुद्राच्या कडेने चर्नी रोडच्या दिशेने पायी निघालो. तुम्हीही कधी असे निघालात, तर डाव्या हाताला समुद्र ठेवा आणि उजवीकडे लक्ष असू द्या. रस्ता आणि रेल्वे यांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे एकेका फुटाला सोन्याचा भाव आहे, तिथे एकापुढे एक हिरवी मैदाने लागतील. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, कॅथलिक जिमखाना. प्रत्येकाची कौलारू धाटणीची बैठी इमारत, पुढे व्हरांडा आणि त्यापुढे गवत.

ते गवत मी आधी पाहिले. धंद्याची सवय, दुसरे काय! वाकून उपटून पाहिले तर हरळी! जी हरळी निघावी म्हणून तुम्ही नांगरट करून, काशा वेचून, उन्हाळाभर जमीन तापत ठेवता, तीच इथे पाणी पाजून, कापून, लेकरासारखी वाढवतात. मी मनाशी हसलो. एकाचे तण ते दुसऱ्याचे पीक, हे आम्ही शिबिरात सांगतो. इथे ते डोळ्यांनी दिसले.

आमच्या विहीणबाईंचे बंधू यांतल्या एका जिमखान्याचे सभासद आहेत. त्यांना फोन केला होता, तेव्हा ते दारात उभेच होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण चाल ताठ. म्हणाले, "पाहुणे, चहा नंतर घेऊ. आधी भिंती बघा."

भिंतींवर चौकटीच चौकटी. संघांची छायाचित्रे, एकाखाली एक, काही इतकी पिवळी पडलेली की चेहरे कुठे संपतात आणि टोप्या कुठे सुरू होतात ते कळू नये. मांडणी मात्र सगळ्यांची एकच. मधोमध खुर्चीवर कर्णधार, त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसे, मागे उभी रांग, पुढे जमिनीवर मांडी घालून पोरसवदा खेळाडू. लग्नात आपण वऱ्हाडाचा फोटो काढतो, अगदी तसे. एकही माणूस खेळताना दिसत नाही. मी कारण विचारले तेव्हा पाहुण्यांनी सांगितले, की जुन्या कॅमेऱ्याला धावता माणूस पकडता येत नसे. हलला की पुसट झाला. म्हणून सगळ्यांना दम धरून बसवायचे. चेंडू मारतानाची चांगली छायाचित्रे पुढे आली. इंग्लंडात जॉर्ज बेल्डम नावाच्या गृहस्थाने ती काढली आणि १९०५ साली 'ग्रेट बॅट्समेन' या पुस्तकात छापली. पुढे सरसावून चेंडू टोलवणाऱ्या व्हिक्टर ट्रम्परचे त्याने काढलेले छायाचित्र क्रिकेटवेड्यांच्या घरोघर गेले.

त्यांनी घरून एक जाडजूड चित्रांचे पुस्तक आणले होते. त्यात कॅमेऱ्याच्या आधीची चित्रे होती. १८४७ सालचे एक चित्र आहे, 'इलेव्हन ऑफ इंग्लंड' या नावाचे. काढणारा फेलिक्स हा पेशाने शाळामास्तर, स्वतःही खेळणारा. चित्रातले गडी डोक्यावर उंच काळ्या टोप्या घालून उभे आहेत, जणू खेळायला नव्हे, लग्नाला निघालेत. त्या संघाचा चालक विल्यम क्लार्क हा मूळचा गवंडी. छपाई शिळाप्रेसवरची. ही छपाई तुम्हाला नवी नाही. दगडाच्या गुळगुळीत पाटीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड पाण्याने ओला करायचा, शाई फिरवली की ती तेलकट रेघेलाच धरते, ओल्या दगडाला धरत नाही. मग वर कागद दाबायचा. पुण्याच्या चित्रशाळेने आणि नंतर रविवर्म्याच्या छापखान्याने याच रीतीने देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवली. तुमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि विलायतेच्या क्लबातले हे उंच टोपीवाले, दोघे एकाच जातीच्या दगडावरून उतरलेले. वर्तमानपत्रांची गोष्ट निराळी. छायाचित्र जसेच्या तसे छापायची सोय नव्हती, तोवर ते पाहून कारागीर लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून घेत आणि मग छापत. कोरणाऱ्याच्या हाताने कुणाचे नाक बदलले असेल ते देव जाणे!

आता या मैदानांची कूळकथा ऐका, कारण ती आपल्या गायरानाच्या तंट्यासारखीच आहे.

मुंबईत आपल्या लोकांपैकी क्रिकेट प्रथम उचलले ते पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरांचे संघ खेळत. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना १८७५ साली निघाला. त्यांना स्वतःची राखीव जागा होती, पण घोड्यावरून खेळायचा पोलो मात्र ते पोरांच्या मैदानात येऊन खेळत. घोड्यांच्या टापांनी जमिनीचे काय होते हे तुम्हाला सांगायला नको. ओल्या रानात जनावरे शिरली की खुरांचे खड्डे पडतात, ते वाळले की दगड होतात. अशा जागी चेंडू टप्पा पडून सरळ येईल कसा? तो तोंडावर तरी येई, नाही तर जमिनीलगत घसरे. १८८१ पासून पोरांच्या बाजूने सरकारकडे अर्ज सुरू झाले. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकड्यांनी, मग मैदान कुणाचे, असा सरळ सवाल होता. पोलो एकदा तिथून हलला आणि साहेबलोकांनी रदबदली करून परत आणला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी हा सगळा झगडा १८९७ साली पुस्तक लिहून छापून ठेवला, म्हणून तो आज कळतो. आपल्या गावच्या गायरानाच्या तंट्याचे कागद कुणी असे जपले आहेत का?

या तंट्याच्या पाठोपाठ समुद्र हटवून काढलेल्या या पट्टीवर, जिला तेव्हा केनेडी सी फेस म्हणत, आधी पारशांना जागा मिळाली. त्यांचा जिमखाना १८८५ चा. पुढे १८९० नंतरच्या चार-पाच वर्षांत इस्लाम आणि हिंदू जिमखाने उभे राहिले. आज आपण जिथे भुईमुगाच्या शेंगा खात बसतो तो मरीन ड्राइव्ह त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. जुन्या मैदानाचे म्हणाल, तर १८९० साली व्हर्नन यांचा विलायती संघ मुंबईत आला, तेव्हा बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरच पारशांनी त्याला हरवले. हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरात झाला तोही त्याच मैदानावर, आणि लाला अमरनाथ यांनी तिथेच ११८ धावा काढल्या.

जातीधर्माप्रमाणे जिमखाने, तसे सामनेही. १९०७ साली हिंदू, पारशी आणि युरोपियन असे तिरंगी झाले, १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी. गांधीजींनी १९४० साली वर्ध्यास भेटायला गेलेल्या जिमखान्याच्या मंडळींना आपली नापसंती सांगितली, आणि १९४६ नंतर ते सामने कायमचे थांबले. थांबले ते बरे झाले असे माझे मत आहे. पाहुण्यांना ते फारसे रुचले नाही. त्यांच्या वडिलांनी ते सामने पाहिले होते.

एका चित्रापाशी मात्र आम्ही दोघेही थांबलो. ते भिंतीवर नव्हते, पुस्तकात होते. १९११ साली विलायतेला गेलेला हिंदुस्थानचा पहिला संघ. कर्णधार पतियाळाचे महाराज, वय अवघे एकोणीस. त्याच चित्रात पालवणकर बाळू आहे. डाव्या हाताने फिरकी टाकणारा. त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले.

हा बाळू चांभार समाजातला. पुण्यात आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर मैदानाचे काम करी. रूळ ओढायचा, जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची. गोरे साहेब सरावासाठी त्याला तासन्‌तास चेंडू टाकायला लावत, बॅट मात्र हाती देत नसत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले, कारण त्याच्यावाचून साहेबांना हरवणे कठीण होते. मैदानात तोच चेंडू सगळे हाताळत. पण चहाच्या वेळी बाळूला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवणाचे पानही वेगळे. पुढे त्याचे तिघे भाऊ खेळले. धाकटा विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला. बाळूला तो मान कधी मिळाला नाही.

त्या चित्राकडे पाहताना मला माझे वडील आठवले. ते तालुक्याच्या एका शाळेत शिपाई होते. मैदानाचे काम त्यांच्याकडेच. खळे करायचे त्यांना ठाऊक होते, तशीच ते खेळपट्टी करत. ढेकळे फोडून, पाणी शिंपून, वापसा येईपर्यंत थांबायचे, मातीचा लाडू हातात वळून पाहायचा, आणि मगच दगडी रूळ. घाई केली तर माती रुळाला चिकटते, उशीर केला तर भेगा पडतात. कॉलेजात वापशाची व्याख्या शिकलो, पण वापसा मी त्या मैदानावर शिकलो. १९८६ साली शाळेने जिल्ह्याची ढाल जिंकली, तेव्हा गावातला फोटोग्राफर आला. मी पुढच्या रांगेत मांडी घालून बसलो होतो. वडील कडेला उभे राहिले, तर तो म्हणाला, "मामा, जरा बाजूला व्हा, सावली पडते." ते झाले. मी काही बोललो नाही. फोटो अजून घरात आहे. वडिलांचा म्हणून वेगळा फोटो आहे तो रेशनकार्डासाठी काढलेला.

जिमखान्यातल्या त्या सगळ्या चौकटी मी मग पुन्हा एकदा फिरून पाहिल्या, कडांना, मागच्या बाजूला. रूळवाला कुठे दिसला नाही. पाहुण्यांना काय शोधतोय ते सांगितले नाही. चहा घेतला.

निघताना ऊन कलले होते. मैदानात एक माळी नळीने पाणी मारत होता. मी जवळ जाऊन म्हटले, "मामा, उद्या रूळ किती वाजता?"

त्याने वर पाहिले. "सकाळी सातला. हाताला चिकटली नाही की."

"गाव कुठलं?"

"पाटणकडचा. तुम्ही पण तिकडचेच दिसता. शेतीचं खातं का?"

मी हो म्हटले. खिशातून मोबाईल काढला आणि एक फोटो काढू का विचारले. तो बावरला, पाण्याची नळी खाली टाकली, हात पँटला पुसले. मग म्हणाला, "थांबा साहेब, रूळ आणतो. तो फोटोत आला पाहिजे." एकट्याला तो ओढेना. मी पिशवी गवतावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूने दांडा धरला.